नेता, अनुयायी की स्वतंत्र विचाराचा : माणसापेक्षा बैठकीची रीत तपासा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

‘तुम्ही नेते आहात की अनुयायी?’ अशा दहा-वीस प्रश्नांच्या चाचण्या आता शिबिरांपासून नोकरीच्या निवडीपर्यंत सगळीकडे वापरल्या जातात. उत्तरांचे गुण मिळवायचे आणि माणसाला तीनपैकी एका कप्प्यात टाकायचे : पुढारी, मागे चालणारा किंवा स्वतंत्र बुद्धीचा. एकदा शिक्का बसला की वागणूकही तशीच मिळू लागते. ‘पुढारी’ ठरलेल्याला बोलण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळते आणि ‘मागे चालणाऱ्या’ला कुणी काही विचारत नाही. समूह-मानसशास्त्रातले सुमारे नव्वद वर्षांचे प्रयोग मात्र निराळे सांगतात. तोच माणूस एका बैठकीत मान डोलावतो आणि दुसऱ्या बैठकीत ठाम विरोध करतो. आधी कोण बोलले, मत तोंडी मागितले की कागदावर, सोबतीला एक तरी माणूस होता का, अधिकारी खोलीत होता की बाहेर, यांवर त्यातले बरेचसे ठरते. या गोष्टी बदलणे आपल्या हातात आहे, म्हणून त्यांची तपशीलवार माहिती या पत्रातून देत आहोत.

स्वभावाचा वाटा शून्य आहे, असे कुणी म्हणत नाही. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २००२ साली जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख घटकांपैकी बहिर्मुखतेचा नेतृत्वाशी सर्वांत जवळचा संबंध आढळला. तो सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने वाढतात याचे माप; ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) होता ०.३१. या आकड्याचा वर्ग केला तर साधारण दहा टक्के येतात, म्हणजे माणसामाणसांतल्या नेतृत्वाच्या फरकापैकी जेमतेम दहावा हिस्सा बहिर्मुखतेने उलगडतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसते की नेतृत्वाची पदे कोणाकडे जातात यातल्या फरकाचा सुमारे ३० टक्के भाग आनुवंशिक असतो. हा आकडा नेहमी चुकीचा वाचला जातो. एखाद्या व्यक्तीचे नेतृत्व ३० टक्के जन्मजात आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. तो एका लोकसमूहातल्या फरकांचा हिशोब आहे आणि परिस्थिती बदलली की तोही बदलतो.

गटात पुढारी कसा ‘उगवतो’ हे पाहिले की या आकड्यांचा अर्थ लागतो. अनोळखी माणसांचा गट बसवला आणि नंतर प्रत्येकाला विचारले की यांच्यातला नेता कोण, तर उत्तराचा संबंध कोण किती वेळ बोलले याच्याशी फार जवळचा निघतो. काय बोलले हा प्रश्न मागे पडतो. कॅमरन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांनी २००९ साली विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना गणिते सोडवायला दिली. ९४ टक्के गणितांमध्ये गटाने जे उत्तर अंतिम म्हणून दिले, ते कुणीतरी सर्वांत आधी सुचवलेले उत्तर होते. ठासून बोलणाऱ्यांना बाकीच्यांनी जास्त हुशार ठरवले. प्रत्यक्षात त्यांची गणिताची तयारी इतरांपेक्षा सरस नव्हती. ते आधी आणि अधिक वेळा बोलले, एवढेच. भोवतालच्यांनी गप्प राहून पहिल्याच उत्तराला संमती दिली आणि त्यातून तो माणूस पुढारी झाला. नेमणूक कुणी केली नाही, तरी ती झाली. बैठकीच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांकडे लक्ष देणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून समजावे.

आता मागे चालणाऱ्यांविषयी. माणसे दोन वेगवेगळ्या कारणांनी इतरांचे ऐकतात, आणि या दोहोंवरचे उपाय वेगळे असल्यामुळे ती एकत्र कालवून चालत नाही. पहिले कारण माहितीचे : मला नक्की ठाऊक नाही, समोरच्याला ठाऊक असावे. दुसरे मान्यतेचे : मला ठाऊक आहे, पण वेगळे बोललो तर वेगळा पडेन.

पहिल्या कारणाचा नमुना मुझफ्फर शेरीफ यांच्या १९३५ सालच्या प्रयोगात दिसतो. पूर्ण काळोख्या खोलीत प्रकाशाचा एक स्थिर ठिपका दाखवला की तो हलतो आहे असा भास होतो. तो किती हलला हे एकेकट्याला विचारले तर उत्तरे खूप वेगवेगळी येतात. तीच माणसे एकत्र बसून मोठ्याने अंदाज सांगू लागली की फेऱ्यांगणिक उत्तरे एकमेकांच्या जवळ सरकतात. पुढे त्यांना पुन्हा एकटे बसवले, तरी गटात ठरलेला अंदाज ती सोडत नाहीत. इथे दबाव कुणीच आणला नव्हता. मोजायला पट्टी नव्हती, म्हणून शेजाऱ्याचा अंदाजच पट्टी झाला. अशा ठिकाणी ‘धीट व्हा’ असे सांगून उपयोग नसतो. माहिती मिळवून द्यावी लागते.

दुसऱ्या कारणाचा नमुना सोलोमन अ‍ॅश यांचा. १९५० च्या दशकातल्या या प्रयोगांत सात ते नऊ जणांच्या गटात खरा सहभागी एकच असे, बाकीचे आधी ठरवून आलेले. काम सोपे : दिलेल्या रेषेएवढी रेषा तीनपैकी कोणती, ते सांगायचे. एकटे असताना लोक शंभरात एकदाही चुकत नव्हते. १८ पैकी १२ फेऱ्यांत बाकीचे सगळे एकच चुकीचे उत्तर मोठ्याने देत. त्या फेऱ्यांत खऱ्या सहभागींची सुमारे ३७ टक्के उत्तरे बहुमताच्या बाजूने चुकली. साधारण तीन-चतुर्थांश माणसे निदान एकदा तरी वाहवली. एक-चतुर्थांश मात्र एकदाही नाही. पाठ्यपुस्तके ३७ टक्क्यांवर थांबतात. कामाचा भाग त्याच्या पुढचा आहे.

अ‍ॅश यांनी मांडणी बदलत नेली. विरोधात एकच माणूस असेल तर चुका जवळजवळ नाहीतच, ३.६ टक्के. दोन असतील तर १३.६. तीन झाले की ३१.८, आणि त्यानंतर माणसे वाढवली तरी आकडा फारसा चढत नाही. म्हणजे दबाव निर्माण व्हायला मोठा जमाव लागत नाही, तीन माणसांचे एकमत पुरते. आता गटात बरोबर उत्तर देणारा एक साथीदार बसवला की चुका घसरून पाच-साडेपाच टक्क्यांवर येतात. आणखी लक्षात घेण्यासारखे म्हणजे, हा साथीदार बहुमताहूनही अधिक चुकीचे उत्तर देत असला तरी खऱ्या सहभागीच्या चुका ९ टक्क्यांपर्यंत उतरतात. त्याचे मत पटण्याचा प्रश्नच नव्हता. एकमताला तडा गेला, तेवढे पुरले. मात्र तो साथीदार मध्येच फिरून बहुमताला मिळाला, तर चुका पुन्हा २८.५ टक्क्यांवर जातात. आपल्यासोबत उभा असलेला माणूस फितल्यावर काय होते, ते या एका आकड्यात आहे.

मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ साली यात आणखी एक बदल केला. इतरांची उत्तरे ऐकण्याआधी सहभागीने आपले उत्तर कागदावर लिहून ठेवायचे. एवढ्यानेच वाहवत जाणे बरेच कमी झाले. पुढे ज्या रीती सांगायच्या आहेत, त्यांपैकी निम्म्या या निष्कर्षावर उभ्या आहेत.

अधिकाराचा दबाव याहून निराळा. स्टॅन्ली मिलग्रॅम यांचे १९६१-६२ सालचे प्रयोग बहुतेकांना ऐकून ठाऊक असतात : ‘शिकणाऱ्या’ने चूक केली की विजेचा झटका द्यायचा, यंत्रावर १५ ते ४५० व्होल्टचे ३० खटके, झटके खोटे पण देणाऱ्याला खरे वाटणारे. ४० पैकी २६ जणांनी शेवटचा खटका दाबला. यावरून ‘माणूस मुळातच आज्ञाधारक’ असा निष्कर्ष काढला जातो तो घाईचा आहे, कारण तीच माणसे नसली तरी तशाच माणसांकडून मांडणी बदलल्यावर अगदी वेगळे आकडे आले. सूचना देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून बोलू लागला की शेवटपर्यंत जाणारे सुमारे वीस टक्क्यांवर आले. सोबतच्या दोघांनी नकार दिला की ४० पैकी फक्त ४. दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांविरुद्ध सूचना दिल्या, तेव्हा शेवटपर्यंत एकही गेला नाही. उलट, खटका दुसऱ्याने दाबायचा आणि सहभागीने फक्त सोबतचे पूरक काम करायचे असे असेल तर ४० पैकी ३७ शेवटपर्यंत टिकले. हा शेवटचा आकडा कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. आपण फक्त सही करतो, फक्त यादी पुढे पाठवतो, असे वाटणाऱ्या जागा सर्वांत धोक्याच्या असतात.

या प्रयोगांवर रास्त आक्षेप आहेत. काही सहभागींना झटके खरे वाटले नव्हते आणि सूचना देणारा काही वेळा ठरलेल्या वाक्यांबाहेर गेला होता, हे जुन्या नोंदींवरून दिसते. तरी दोन गोष्टी टिकून राहतात. पहिली, पायऱ्यांची. प्रत्येक पायरी १५ व्होल्टची; आधीची चालली तर ही का नको, याला उत्तर सापडत नाही. १५० व्होल्टला ‘शिकणारा’ पहिल्यांदा ‘मला सोडा’ म्हणतो. तिथून पुढे गेलेल्यांपैकी ७९ टक्के थेट शेवटापर्यंत गेले. नकार द्यायचा तर तो पहिल्या हरकतीच्या वेळी, नंतर तो दर पायरीला जड होत जातो. दुसरी गोष्ट हुकमाची. सहभागी थांबला की त्याला क्रमाने चार वाक्ये सांगायची होती आणि चौथे उघड हुकमाचे होते : तुम्हाला दुसरा पर्याय नाही, पुढे जावेच लागेल. जेरी बर्गर यांनी २००९ साली हा प्रयोग १५० व्होल्टपर्यंत मर्यादित ठेवून पुन्हा केला, तेव्हा हे चौथे वाक्य ऐकलेल्यांपैकी एकही पुढे गेला नाही. उघड हुकूम माणसाला जागा करतो. ‘आपल्या कामासाठी हे आवश्यक आहे’ असा सौम्य, समजावणीचा सूर मात्र त्याला पुढे नेतो. म्हणून गोड शब्दांत, उद्दिष्टाच्या नावाने आलेली विनंती अधिक बारकाईने तपासावी.

इथे अनुयायांची बाजूही मांडायला हवी, कारण या विषयावरच्या लिखाणात त्यांची उगाच हेटाळणी होते. दुसऱ्याच्या मागे जाणे पुष्कळदा शहाणपणाचे असते. ज्याला विषय कळतो त्याचे ऐकावे. प्रत्येक गोष्ट स्वतः मुळापासून तपासायला कुणाला आयुष्य पुरणार नाही. रॉबर्ट केली यांनी १९८८ साली अनुयायांची विभागणी दोन प्रश्नांवर केली : स्वतः विचार करतो का, आणि कामात पुढाकार घेतो का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असलेला अनुयायी कोणत्याही संस्थेचा कणा असतो. विचार करतो पण पुढाकार घेत नाही, असा माणूस कोपऱ्यात बसून कडवट होत जातो. पुढाकार घेतो पण विचार करत नाही, असा माणूस चुकीच्या नेत्याच्या हाती सर्वांत उपयोगी पडतो, आणि त्याची भीती इतरांपेक्षा जास्त बाळगावी.

आणि स्वतंत्र विचार? प्रत्येक गोष्टीला विरोध करणारा माणूस स्वतंत्र वाटतो. तसा तो नसतो. गटाने उजवीकडे पाहिले की हा डावीकडे पाहणार, म्हणजे त्याचे मतही गटच ठरवतो. स्वतंत्र माणूस कधी गटाशी सहमत असतो, कधी नसतो, आणि दोन्ही वेळा त्याला कारण सांगता येते. ओळखायची खूण सोपी आहे. ‘काय दिसले तर तुम्ही मत बदलाल?’ असे विचारावे. नेमके उत्तर देणारा विचार करतो आहे. उत्तर नसेल तर तो बाजू राखतो आहे.

एक-दोन माणसे बहुमताला हलवू शकतात का, याचे उत्तर सर्ज मॉस्कोव्हिची यांच्या १९६९ सालच्या प्रयोगात आहे. सहा जणांच्या गटात दोघे आधी ठरवून आलेले. पडद्यावर दाखवलेल्या ३६ निळ्या सरकचित्रांना (स्लाइडना) ते ‘हिरवे’ म्हणत. प्रत्येक वेळी न चुकता म्हणाले, तेव्हा बाकीच्यांची ८.४२ टक्के उत्तरे ‘हिरवे’ अशी आली. कधी हिरवे, कधी निळे असे डळमळत म्हणाले, तेव्हा फक्त १.२५ टक्के. परिणाम लहान आहे, पण दिशा स्पष्ट आहे : अल्पमताजवळ संख्या नसते, त्याचे बळ सातत्यात असते. आज हरकत, उद्या मौन, परवा पुन्हा हरकत, याने काहीच साधत नाही. सातत्य म्हणजे हेका मात्र नव्हे. मुद्दा तोच ठेवून मांडणी लवचीक ठेवणाऱ्याचे लोक अधिक ऐकतात.

आता मांडणी कशी करावी, ते. वीस जणांच्या सभेत चर्चा होत नाही, भाषणे होतात. निर्णयाचे काम पाच ते सात जणांत करावे. विषय आणि पर्याय आधी लेखी द्यावेत. बैठक सुरू झाल्यावर लगेच बोलू नये. पाच मिनिटे प्रत्येकाने स्वतंत्रपणे आपले मत आणि त्याचे एक कारण लिहावे. शक्य असेल तर आकड्यात लिहावे : हा बेत यशस्वी होण्याची शक्यता शंभरात किती? चिठ्ठ्या गोळा करून नाव न घेता वाचून दाखवाव्यात आणि मग चर्चा उघडावी. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला हिशोब प्रसिद्ध आहे : बैलाचे वजन ओळखण्याच्या स्पर्धेतल्या ७८७ चिठ्ठ्यांमधला मधला अंदाज खऱ्या वजनापासून एक टक्काही दूर नव्हता. ते घडले, कारण चिठ्ठ्या वेगवेगळ्या भरल्या होत्या. २०११ सालच्या झ्युरिकमधल्या प्रयोगांत लोकांना एकमेकांचे अंदाज दाखवले, तेव्हा अंदाज एकमेकांच्या जवळ आले, अचूकता वाढली नाही, आणि स्वतःविषयीची खात्री मात्र वाढली. निर्णय घेणाऱ्यांसाठी याहून घातक मिश्रण नाही.

बोलण्याचा क्रम कनिष्ठापासून वरिष्ठाकडे ठेवावा. प्रमुखाने शेवटी बोलावे, आणि त्याआधी चेहऱ्यानेही मत कळू देऊ नये. हे जमत नसेल तर त्याने पहिला अर्धा तास खोलीबाहेर राहावे. १९६१ च्या एप्रिलमध्ये क्यूबावरच्या बे ऑफ पिग्जच्या फसलेल्या मोहिमेत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या सल्लागारांपैकी काहींच्या मनात शंका होत्या, पण बैठकीत त्या ठामपणे मांडल्या गेल्या नाहीत. त्यांपैकी आर्थर श्लेसिंजर यांनी पुढे आपल्या त्या मौनाबद्दल खेद व्यक्त केला. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उभ्या राहिलेल्या १९६२ च्या संकटात केनेडींनी रीत बदलली : सल्लागारांचे गट पाडून पर्याय स्वतंत्रपणे तयार करायला लावले आणि काही बैठकांना ते मुद्दाम गैरहजर राहिले. दोन्ही वेळची माणसे बरीचशी तीच होती. आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ साली एकमताच्या घातक ओढीचे जे विश्लेषण केले, त्यात ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत.

आणखी एक चूक सार्वत्रिक आहे. गट ज्यावर बोलतो ते बहुधा सगळ्यांना आधीच ठाऊक असते. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ साली उमेदवार निवडण्याच्या कामात माहिती अशी वाटली, की सर्वांचे तुकडे जोडले तरच सर्वोत्तम उमेदवार दिसावा. गटांनी सामाईक माहितीचीच उजळणी केली आणि बहुतेकांनी दुसराच उमेदवार निवडला. ‘कुणाला काही बोलायचे आहे का?’ या प्रश्नाने हे सुटत नाही. एकेकाला नावाने विचारावे : ‘या खोलीत फक्त तुम्हालाच ठाऊक असेल, अशी कोणती गोष्ट आहे?’ आणि उत्तर यायला वेळ द्यावा. शिक्षिका-संशोधिका मेरी बड रो यांनी वर्गांमध्ये मोजले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली, कारणांसह आली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. मुलांना ‘लाजाळू’ ठरवण्याआधी शिक्षकांनी आपले सेकंद मोजावेत. हात वर करणाऱ्यालाच विचारण्याऐवजी सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकाच वेळी वर धरण्याची रीत वापरावी, आणि गटप्रमुख दर आठवड्याला बदलावा.

विरोधी बाजू मांडण्यासाठी एकाला नेमण्याची युक्ती लोकप्रिय आहे. तिच्यावर आमचा फारसा भरवसा नाही. शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत नेमून दिलेल्या विरोधापेक्षा खराखुरा मतभेद गटाला अधिक नव्या विचारांकडे नेतो, असे दिसले. नेमलेला माणूस भूमिका वठवतो हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याचे ऐकले की कर्तव्य झाले असे वाटते आणि मूळ मत उलट घट्ट होते. त्यापेक्षा ज्याला खरेच शंका आहे तो माणूस शोधून बैठकीला बोलवावा, आणि शक्यतो दोन बोलवावेत. कारण वर अ‍ॅश यांच्या प्रयोगात आले आहेच.

चिठ्ठ्यांची रीत फसते ती अशी : तीन-चार जणांच्या गटात हस्ताक्षर किंवा शब्दांवरून माणूस ओळखू येतो. तिथे चिठ्ठी बाहेरच्या माणसाकडून टंकून घ्यावी किंवा सरळ नावानिशी, पण लेखी मत घ्यावे. दुसरी फसगत म्हणजे मौनाची मोजणी संमतीत करणे. ‘कुणाची हरकत नाही ना?’ असे विचारून पुढे जाऊ नये. प्रत्येकाकडून हो, नाही किंवा ‘अजून ठरले नाही’ यांपैकी एक उत्तर घ्यावे.

जिथे प्राण पणाला लागतात, त्या क्षेत्रांनी हे धडे मोठी किंमत देऊन घेतले. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मेले. उड्डाणाला निघालेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने ‘ते विमान अजून बाजूला झालेले नाही का?’ असा प्रश्न केला होता. कॅप्टनने ठाम उत्तर दिले आणि विषय तिथे मिटला. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलँडजवळ एक विमान इंधन संपून पडले, दहा जण मेले. चाकांच्या बिघाडात कॅप्टन गुंतला होता आणि सहकाऱ्यांनी इंधनाविषयी आडून सूचना दिल्या होत्या, निर्वाणीचे स्पष्ट वाक्य उच्चारले नव्हते. त्यानंतर १९७९ पासून वैमानिकांच्या प्रशिक्षणात मोठा बदल सुरू झाला. हाताखालच्या माणसाने कसे बोलावे, याची आता ठरलेली घडण शिकवली जाते : आधी समोरच्याला नावाने किंवा पदाने हाक, मग आपली चिंता, मग अडचण आकड्यासकट, मग उपाय, आणि शेवटी ‘तुम्हाला मान्य आहे का?’ हा प्रश्न. ‘कॅप्टन, मला इंधनाची काळजी वाटते. पंधरा मिनिटांपुरतेच उरले आहे. आत्ता उतरू या. मान्य आहे?’ या चार वाक्यांतले एकही गाळू नये. आडून सुचवणे दडपणाखालच्या वरिष्ठाच्या कानापर्यंत पोहोचत नाही, आणि शेवटचा प्रश्न नसेल तर तो उत्तर न देता पुढे जाऊ शकतो. एकदा बोलून दाद मिळाली नाही तर दुसऱ्यांदा तेच अधिक स्पष्ट बोलावे, आणि तरीही नाही तर वरच्याकडे जावे किंवा काम थांबवावे.

शस्त्रक्रियागृहात जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या १९ मुद्द्यांच्या यादीत, छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम मोठ्याने सांगावे, असा एक मुद्दा आहे. तो शिष्टाचारासाठी नाही. एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही बिघडल्यास बोलण्याची शक्यता वाढते. आठ रुग्णालयांतल्या पाहणीत यादी वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मात्र ती सरसकट लागू केल्यावर लक्षणीय फरक दिसला नाही, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. आमच्या मते कारण उघड आहे : खुणा करून भरलेला कागद कुणाला बोलते करत नाही. कोणतीही रीत हुकमाने लादली आणि माणसांना तिचे कारण सांगितले नाही, तर हेच होते.

नेत्याची पारख करायची तर तो खोलीबाहेर गेल्यावर काय होते, ते पाहावे. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांना वेगवेगळ्या पद्धतीचे प्रमुख दिले होते. हुकूमशाही पद्धतीच्या गटात प्रमुख हजर असताना काम भरपूर होई. तो बाहेर गेला की थंडावे. मुलांना विचारून चालणाऱ्या गटात काम पुढे चालू राही. नवा वर्गशिक्षक, नवा अधिकारी किंवा मंडळाचा नवा अध्यक्ष यांच्याविषयी मत बनवायला हे एकच निरीक्षण भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पहिला विरोध उठल्यावर प्रमुख काय करतो, यावर पुढचे वर्षभर ठरते. त्याने तीन गोष्टी त्याच क्रमाने कराव्यात : मुद्दा स्वतःच्या शब्दांत परत सांगून ‘मला बरोबर समजले का?’ असे विचारावे, तो नोंदवहीत लिहून घ्यावा, आणि त्याची तपासणी कोण व कोणत्या तारखेपर्यंत करणार ते तिथेच ठरवावे. ‘छान मुद्दा, पण वेळ नाही’ या वाक्याने ते दार बंद होते. त्याहून वाईट म्हणजे बैठकीनंतर बोलणाऱ्याला बाजूला घेऊन समज देणे. ही बातमी दुपारपर्यंत सगळ्यांना कळलेली असते.

निर्णय झाल्यावर ज्याचे मत वेगळे होते त्याने काय करावे, हा प्रश्नही येतो. निर्णय पुढे फिरवता येण्याजोगा असेल, तर आपली हरकत कारणासह इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, फेरविचाराची तारीख मागावी आणि मग काम मनापासून करावे. अर्धवट मनाने केले तर निर्णय चुकीचा होता की अंमलबजावणी, हे कधीच कळणार नाही. निर्णय न फिरवता येणारा असेल आणि त्यात कुणाच्या जिवाची, पैशाची किंवा हक्काची हानी दिसत असेल, तर नोंदीवर थांबू नये. लेखी कळवावे, तारीख घालावी, प्रत स्वतःजवळ ठेवावी, आणि एकट्याने जाण्याआधी त्याच मताचा दुसरा माणूस शोधावा.

आपले,
समूह-मानसशास्त्राचे काही अभ्यासक व प्रशिक्षक